राजदूत ३५० साठी प्लग: बी८एचएस, त्याचे भाऊबंद आणि ०.६ चा गॅप

राजदूत ३५० ला सगळ्यात चांगला प्लग कोणता, याचं उत्तर कंटाळवाणं आहे: एनजीके या जपानी कंपनीचा साधा बी८एचएस, गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर) ०.६ मिमी, दोन्ही बाजूंना सारखा. इरिडियम नको, तीन टोकांचा नको, "रेसिंग" लिहिलेला लाल डब्यातला तर नकोच. एवढ्यावर विषय संपायला हवा, पण संपत नाही. काउंटरवर बी८एचएस मागितला की समोर येतो बी७एचएस, बीआर८एचएस, बीपी८एचएस किंवा बी८एचएस-१०, आणि वर "सेमच आहे, बसतो" हे ठरलेलं वाक्य. बसतात सगळे, चालतात मात्र वेगवेगळे. म्हणून बाजारात हाताला लागणाऱ्या प्लगांचा हा आढावा, आणि सोबत गॅप लावायच्या हत्यारांचाही.

गाडी कोणती ते आधी. यामाहा आरडी३५० ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह. मूळ जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची, आपल्याकडची एचटी (हाय टॉर्क) ३०.५ ची आणि एलटी (लो टॉर्क) २७ ची. करंटची व्यवस्था जुन्या पद्धतीची: १२ व्होल्ट बॅटरी, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच), स्वतंत्र कंडेन्सर, स्वतंत्र कॉइल. प्लग निवडताना यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सीडीआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मानाने पॉइंट-कॉइलचा करंट लेचापेचा, आणि इंजिन जसं वरच्या फेऱ्यांत जातं तसा कॉइलला भरायला वेळ कमी मिळून तो आणखी पडतो. रुंद गॅप पेलण्याची ताकद त्यात नाही.

डब्यावरचं नाव वाचा

बी म्हणजे १४ मिमीचे आटे आणि २०.८ मिमीचा षटकोन, म्हणजे दुकानात २१ नंबरचा प्लगपाना मिळतो तो. ८ म्हणजे उष्णतेचा ग्रेड. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी. एस म्हणजे नेहमीचा जाड मधला इलेक्ट्रोड, आत तांब्याचा गाभा. ("कॉपर प्लग" असं वेगळं काही विकत असतील तर लक्षात घ्या, तांबं जवळजवळ सगळ्याच प्लगांच्या पोटात असतं. ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं.)

यात एचच्या जागी ई आला तर लांबी १९ मिमी होते. बी८ईएस भारतात सहज मिळतो आणि घाईत हातात तोच दिला जातो. तो या हेडात लावला तर सहा मिलिमीटरहून जास्त भाग ज्वलनकक्षात लोंबतो. किक मारताच पिस्टनला टेकू शकतो. नशिबाने टेकला नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन बसतो आणि काढताना हेडचे आटे सोबत घेऊन येतो. नवा प्लग लावण्याआधी जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी ताडून पाहायची, हे दोन सेकंदांचं काम आहे. गाडीत आधीपासून जो होता तोच चुकीचा असू शकतो, म्हणून पट्टीनेही एकदा मोजा.

पी असेल तर पोर्सेलीनचं नाक पुढे आलेलं. आर असेल तर आत सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर. आणि शेवटी "-१०" असेल तर कारखान्यातून गॅप १.० मिमीचा येतो.

हा "-१०" खास सांगण्यासारखा. बी७एचएस-१० आणि बी८एचएस-१० हे प्लग प्रामुख्याने बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांत चालतात. तिथे करंट तगडा असतो, १.० चा गॅप खपतो. राजदूतला तो जसाच्या तसा लावला तर गाडी सुरू होते, थांब्यावर छान डुगडुगते आणि चार-पाच हजार फेऱ्यांवर, नेमका जोर धरायच्या वेळी, मिसिंग करायला लागते. मग माणूस कार्ब्युरेटर उघडतो. गॅप ठोकून ०.६ वर आणता येईल का? येईल, पण एनजीकेचाच सल्ला असा आहे की कारखान्याच्या गॅपमध्ये ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक करू नये. त्याहून जास्त दाबली की वरची पट्टी (बाहेरचा वाकवलेला इलेक्ट्रोड) तिरकी होते आणि ठिणगी एकाच कोपऱ्यातून पडत राहते. "-१०" परत करा.

सात, आठ की नऊ

एनजीकेत आकडा मोठा तसा प्लग थंड. थंड म्हणजे त्याचं नाक उष्णता लवकर हेडकडे सोडतं. नाकाचं तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर कार्बन आपोआप जळतो, ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याची किंमत म्हणजे पिस्टनला भोक. एक ग्रेड बदलला की नाकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी हलतं.

यामाहाने आरडी३५० ला ८ दिला होता, ३९ अश्वशक्तीच्या हिशेबाने. एलटी गाडी पुण्या-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर दिवस काढत असेल तर तिथे ८ कधी पुरेसा तापतच नाही. काळा, तेलकट होतो आणि आठवड्याला साफ करायला लागतो. अशा गाडीला बी७एचएस योग्य. हायवेवर सलग ताणायची झाली किंवा भर उन्हात आंबोलीसारखा घाट माणसं-सामानासकट चढायचा असेल तर त्या प्रवासापुरता ८ लावावा. एचटीला कायम ८. एक्स्पान्शन चेंबर, पोर्ट कोरलेले, हेड घासलेलं अशी गाडी असेल तर ९ चा विचार, तोही प्लग वाचल्यावर, म्हणजे त्याचा रंग तपासल्यावर.

"सुरक्षित म्हणून एक नंबर थंड टाक" हा सल्ला मात्र घेऊ नका. थंड प्लग इंजिन थंड करत नाही, फक्त स्वतःचं नाक थंड ठेवतो. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्यामुळे पिस्टन तापत असेल तर ९ नंबर लावूनही तो तेवढाच तापणार, फक्त प्लगवरून ते लवकर कळायचं बंद होणार. तिथे औषध मोठ्या मेन जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मोठ्या भोकाच्या नळीचं आहे. आणि आताच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, या मिश्रणाला साधारण १३.५ ला १. म्हणजे १९८० च्या दशकातल्या पेट्रोलवर बरोबर बसवलेली जेट आज पातळच चालते. प्लग पांढराफटक दिसला की आधी जेटकडे बघा.

दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना आकड्याची दिशा तपासायलाच हवी. डेन्सोमध्ये एनजीकेसारखंच, मोठा आकडा थंड: डब्ल्यू२४एफएस-यू हा ८ च्या जागी, डब्ल्यू२२एफएस-यू हा ७ च्या. चॅम्पियनमध्ये उलट, मोठा आकडा गरम. बॉशमध्येही आता उलट: डब्ल्यू५एसी हा बी७एचएसच्या जागी, डब्ल्यू४एसी बी८एचएसच्या. खरी गंमत मायको या बॉशच्या भारतातल्या कंपनीच्या जुन्या डब्यांची. जुन्या पद्धतीत बॉश-मायको तीन आकडी नंबर लिहायचे आणि तिथे मोठा आकडा थंड असायचा, १७५ म्हणजे आजचा ७, २२५ म्हणजे आजचा ५. जुन्या दुकानाच्या माळ्यावर असे डबे अजून सापडतात आणि दोन्ही पद्धतींचे प्लग एकाच खोक्यात पडलेले असतात. आकडा २२५ म्हणून "गरम असेल" किंवा ५ म्हणून "थंड-गरम माहीत नाही" असं करून चालत नाही. माल मात्र चांगला असतो. आटे गंजलेले नसतील आणि पोर्सेलीनला तडा नसेल तर जुना मायको खुशाल वापरा.

कोणता कसा वाटतो

बी८एचएस आणि बी७एचएस: स्वस्त, वाचायला सोपे, घासून-पुसून पुन्हा चालतात. गॅप बिनधास्त लावता येतो. उणीव एकच, अस्सल मिळवायला फिरावं लागतं.

बीआर८एचएस: प्लग उत्तम आहे, भानगड जोडीची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्लग-कॅपमध्ये आधीच ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. कॅपमध्ये पाच, प्लगमध्ये पाच, वर चाळीस वर्षांची कॉइल. एका वेळी एकच ठेवा. कॅपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की आकडा कळतो. कॅप शून्य दाखवत असेल तर बीआर निर्धास्त लावा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मात्र रेझिस्टर हवाच, नाहीतर प्लगच्या वायरमधून निघणारी गडबड त्या सर्किटला भरकटवते.

बीपी८एचएस: नाक पुढे असल्याने हळू चालवतानाही लवकर तापतं, आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाने गारही होतं. शहरात काळा पडणाऱ्या गाडीला ७ नंबरइतकाच हा चांगला उपाय. हेड घासलेलं असेल तर नको, पिस्टन आणि पट्टी यांच्यातली जागा मोजल्याशिवाय तर नाहीच.

बीआर८एचआयएक्स, म्हणजे इरिडियम: याची तारीफ आहे ती खोटी नाही. मधलं टोक ०.६ मिमी जाडीचं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. अशक्त करंटाच्या गाडीला हे खरोखर मानवतं, थंड इंजिन किकला लवकर घेतं. पण राजदूतची रोजची अडचण ठिणगीची नसून तेलाची आणि जास्तीच्या पेट्रोलची असते. फ्लोट अडकून एकदा ओला-काळा झालेला इरिडियम साधा प्लग उठतो तसा उठत नाही, ब्रश मारता येत नाही, गॅपला हात लावला तर टोक मोडायची भीती, आणि रंग वाचणंही अवघड. वर किंमत साध्याच्या कितीतरी पट, गुणिले दोन. कार्ब्युरेटर, तेलपंप, पॉइंट सगळं जाग्यावर असलेल्या गाडीत लावा. अजून जुळणी चालू असलेल्या गाडीत लावणं म्हणजे पैसे पेट्रोलात बुडवणं.

गॅप लावणं

आधी पॉइंट. त्यांचा गॅप ०.३ ते ०.४ मिमीच्या आत दोन्हीकडे सारखा नसेल, तर प्लगवर केलेली मेहनत वाया. पॉइंट जळकट-निळे असतील तर कंडेन्सर संशयित.

प्लग काढण्याआधी भोवतीची माती हवेने किंवा ब्रशने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. हेड ॲल्युमिनियमचं आहे, इंजिन तापलेलं असताना प्लग खेचू नका. निघाल्यावर भोकात स्वच्छ कापडाचा बोळा, आणि कोणता डावा कोणता उजवा ही खूण.

हत्यारांत सगळ्यात वाईट ते सगळ्यात जास्त विकलं जाणारं: किल्लीच्या छल्ल्यात अडकवायची गोल चकती, कडेने जाडी वाढत जाणारी. ती गॅपमध्ये सरकवून फिरवली की जोर मधल्या इलेक्ट्रोडवर येतो आणि पोर्सेलीनला आतून केसाएवढा तडा जातो. बाहेरून काही दिसत नाही, गाडी मात्र तापल्यावर एका सिलिंडरवर येते. मोजायला तारेचा गेज घ्या, ज्यात ठरावीक जाडीच्या वाकवलेल्या तारा असतात आणि शेजारी पट्टी ओढायचा आकडा असतो. व्हॉल्व्हसाठी वापरतात ती पात्यांची फीलर गेज नव्या प्लगला चालते. जुन्या प्लगला नाही, कारण पट्टीच्या आतल्या बाजूला खळगा पडलेला असतो आणि सपाट पातं तो ओलांडून जातं. पातं ०.६ सांगतं तेव्हा खरा गॅप ०.७ च्या पुढे असू शकतो.

गॅप कमी करायचा असेल तर प्लग उलटा धरून पट्टी लाकडावर हलकेच टेकवायची, ठोकायची नाही. वाढवायचा असेल तर गेजच्या आकड्याने पट्टीच वर ओढायची, मधल्या टोकाचा टेकू घेऊन कधीच नाही. ०.६ ची तार किंचित घासत जायला हवी आणि ०.७ ची जाता कामा नये. मग प्लग उजेडासमोर धरून पाहा: पट्टी मधल्या टोकाला समांतर हवी आणि बरोबर त्याच्यावर.

०.६ च का? ०.४ च्या खाली गेलात तर ठिणगी इवलीशी, स्लोमध्ये गाडी अडखळते, आणि तेलाच्या राखेचा एखादा तंतू दोन टोकांना जोडून प्लग मुका करतो. टू-स्ट्रोकचा हा जुना आजार. ०.८ च्या पुढे पॉइंटचा करंट भरल्या सिलिंडरमध्ये उडी मारू शकत नाही, कारण दाब वाढला की लागणारं व्होल्टेजही वाढतं. म्हणूनच प्लग बाहेर काढून हेडला टेकवला आणि ठिणगी दिसली, एवढ्यावर खात्री धरू नये. उघड्या हवेत मरतुकडी कॉइलसुद्धा ०.६ उडते. तपासायचंच असेल तर मोठा गॅप लावता येणारा टेस्टर घ्या, सहा मिमी हवेत ठिणगी निळी आणि सलग पडली तर कॉइल ठीक. प्लगचा लोखंडी भाग हेडला घट्ट टेकलेला हवा आणि उघड्या भोकापासून दूर, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या की गॅप बरोबर असूनही ठिणगी रुसते, कारण तिला धारदार कडेवरून उडी मारणं सोपं जातं. पॉइंट घासायच्या कानशीने दोन हलके हात मारले की कडा परत येते. कार्बन काढायला कार्ब्युरेटर क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. तारेचा ब्रश पोर्सेलीनवर धातूची रेघ सोडतो आणि करंटला तो सरळ रस्ताच मिळतो. गॅरेजमधल्या वाळूच्या मशीनने प्लग चकाचक दिसतो, पण नाकाच्या तळाशी अडकलेला एखादा कण सुटून सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टनवर उभी रेघ. प्लग स्वस्त आहे, रीबोअर नाही.

बसवताना प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला तर पाना लावू नका, उलटा अर्धा आटा फिरवून "टक्" लागल्यावर पुन्हा सुरू करा. हाताने टेकल्यावर नव्या वॉशरचा प्लग पान्याने अर्धा फेरा, आधी वापरलेला असेल तर फक्त एक-द्वादशांश, म्हणजे घड्याळाच्या एका तासाएवढा. टॉर्क रेंच असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावायची गरज नाही. एनजीकेच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, आणि पेस्टमुळे तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. आटे आधीच गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, पण तीही १२.७ मिमीच्या आतली.

वाचणं, आणि डावं-उजवं

एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करा. दोष दुसरीकडे गेला तर प्लग, जागेवरच राहिला तर कॅप, कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर. पैसा खर्च न करता होणारी ही पहिली तपासणी. दोन प्लगांचे रंग वेगळे असतील तर कार्ब्युरेटरची जुळणी बिघडली आहे किंवा एका बाजूने हवा शिरते आहे. फक्त उजवा प्लग काळा आणि धूर गिअरबॉक्सच्या तेलाच्या वासाचा येत असेल तर क्लच बाजूचं क्रँक-सील बघा. तिथे प्लग कितीही बदलले तरी उपयोग नाही.

रंगावरून निष्कर्ष काढायचा तर नवा प्लग लावून, इंजिन तापवून, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने ताणायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद. सिग्नलवर थांबत घरी आणलेल्या गाडीचा प्लग फक्त स्लो जेटची हकीकत सांगतो. नाक फिकट तपकिरी, आजच्या पेट्रोलवर थोडं फिकटच, आणि खोल तळाशी धुराची बारीक कडी, हे जेट बरोबर असल्याचं लक्षण. ग्रेड मात्र नाकावरून नाही, पट्टीवरून वाचायचा: रंग बदलल्याची रेघ वाकणाच्या आसपास असेल तर नंबर योग्य, टोकाकडे असेल तर प्लग फार थंड, आट्यांपाशी उतरली असेल तर फार गरम. पोर्सेलीनवर चमचमणारे राखाडी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच बंद करून टेम्पो बोलवा.

नकली

डबा बघून काही कळत नाही, प्लग बघा. अस्सल एनजीकेचा वॉशर आट्यांवर सैल फिरतो पण सहज निघून येत नाही, नकलीचा अनेकदा हातात येतो. आटे गुळगुळीत, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यभागी आणि छपाईच्या कडा स्वच्छ हव्यात. बीआर घेताना मल्टिमीटर सोबत न्या: वरच्या घुंडीपासून मधल्या टोकापर्यंत अंदाजे ५ किलोओहम दिसायला हवेत. नकलीत शून्य येतो किंवा काहीच येत नाही. साध्या बी८एचएसला शून्याच्या जवळ. घुंडी पक्कडीने आवळून घ्या, ती ढिली राहिली तर आत ठिणग्या उडून कॅप जळते. तुमची कॅप घुंडीवर बसणारी आहे की तिच्याखालच्या बारीक स्क्रूवर, तेही पाहा.

दर दोन हजार किलोमीटरला गॅप मोजा, पाच-सहा हजारांना जोडीच बदला, एक कधी नाही. घेताना चार घ्या. दोन गाडीत, दोन गॅप लावून तोंडावर पुठ्ठ्याची नळी चढवून टूलबॉक्समध्ये, २१ च्या पान्यासोबत.